यादी बेसवाल्याच्या हातात द्या

पत्र: आमचा पाच जणांचा हौशी बँड आहे. ड्रम्स, बेस (खालच्या सुरांची चार तारांची गिटार), गिटार, कीबोर्ड आणि एक गायिका. गिटारवाला अधूनमधून गातो. सहा आठवड्यांनी आम्हाला एका कार्यक्रमात ‘सत्तर-ऐंशीची रेट्रो रात्र’ वाजवायची आहे, पाऊण-पाऊण तासाचे दोन भाग. लोक नाचले पाहिजेत, एवढीच यजमानांची अट. हिंदी मुख्य, दोन-तीन इंग्रजी आणि एखादं मराठी चालेल म्हणालेत. आमची यादी ६२ गाण्यांवर गेली आहे आणि रोज वाद होतात. गायिकेला सुरेल गाणी हवीत, ड्रमरला फास्ट, कीबोर्डवाल्याला अवघड पीस (मधले नुसत्या वाद्यांचे तुकडे) असलेली. मी बेस वाजवतो, मला कुणी विचारत नाही. मागच्या कार्यक्रमात टाळ्या भरपूर पडल्या, पण खुर्चीतून एकही माणूस उठला नाही. गाणी निवडायची तरी कशी?
— चार तारांवाला

प्रिय चार तारांवाले,

तुम्हाला कुणी विचारत नाही, यादीची खरी अडचण तीच आहे. चाल छान असली की माणूस डोळे मिटतो, मान डोलावतो आणि खुर्चीत आणखी आरामात रेलतो. त्याला उठवायचं काम किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेसचं. त्यामुळे गाणी निवडताना पहिला शब्द तुमचा आणि ड्रमरचा असायला हवा. बाकीच्यांनी नंतर बोलावं. मागच्या वेळी टाळ्या पडल्या त्याचा अर्थ तुम्ही ऐकायची गाणी चांगली वाजवलीत, एवढाच.

या आठवड्यात एक प्रॅक्टिस अशी करा. कीबोर्ड आणि गिटार बंद. नुसते ड्रम्स, बेस आणि आवाज. यादीतलं एकेक गाणं घ्या, मुखडा दोनदा आणि एक अंतरा, पुरे. कीबोर्डवाल्याला आणि गिटारवाल्याला समोर बसवा आणि त्यांच्या पायांकडे बघा. चेहऱ्याकडे बघू नका, मित्रांचे चेहरे दाद द्यायला सरावलेले असतात. पाय हलले तर गाणं राहिलं. ‘इथे ते व्हायोलिन आलं की मजा येईल बघ’ असं कुणी म्हणालं, तर ते गाणं पाच जणांचं नाही. त्याची गंमत अरेंजरने लिहून ठेवली होती आणि ती वाजवायला स्टुडिओभर माणसं होती.

या चाचणीत काय होतं ते दोन-तीन गाण्यांवर सांगतो. ‘आप जैसा कोई’ घ्या. ‘कुर्बानी’ १९८० चा, संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण हे एक गाणं बिद्दूने केलेलं, आणि गाणारी नाझिया हसन तेव्हा शाळकरी वयाची. बेस आणि ड्रम्स एका जागी ठाम बसलेले, वर आवाज फार न ताणता तरंगतो. कीबोर्ड काढून घेतला तरी गाणं उभंच राहतं. तुमच्या संचाला असंच गाणं हवं. बिद्दू त्याआधी इंग्लंडमध्ये डिस्कोच करत होता, १९७४ चं ‘कुंग फू फायटिंग’ त्यानेच प्रोड्यूस केलेलं, त्यामुळे नाचणाऱ्याला काय लागतं हे त्याला ठाऊक होतं. ‘कारवाँ’मधलं ‘पिया तू अब तो आजा’ (१९७१) या चाचणीत काठावर येतं. ठेका आणि आशाबाईंचा आवाज दोन्ही जबरदस्त, पण मधले ब्रासचे (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचे) फटकारे गेले की मोठं भोक पडतं. हे गाणं घ्यायचंच असेल तर ब्रासची मुख्य ओळ गिटार आणि कीबोर्डने एकत्र, सप्तकाच्या अंतराने वाजवावी. कीबोर्डचा नुसता ‘ब्रास’ टोन लावून भागवू नका, तो फार केविलवाणा वाजतो. आणि गायिकेला ती दमछाक, तो नखरा पेलतो का हे आधी बघा. पेलत नसेल तर सोडून द्या. हे गाणं निम्म्या जोरात गाऊन चालत नाही.

इंग्रजीत अनेकांच्या यादीत ‘डान्सिंग क्वीन’ (१९७६) पहिलं असतं. तुमच्या यादीतून मी ते काढेन. ते आठवतं त्यापेक्षा बरंच संथ आहे, मिनिटाला साधारण १०० ठोके, आणि त्याचा सगळा झगमगाट दोन बायकांच्या एकावर एक चढवलेल्या आवाजांत आहे. एका गायिकेच्या तोंडी ते पातळ होतं. त्याऐवजी ‘आय विल सर्व्हाइव्ह’ (१९७८) घ्या. आठ बारचं (एक बार म्हणजे चार ठोके) एकच कॉर्डचक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहतं, धृवपदाला वेगळे कॉर्ड नाहीत, त्यामुळे तालमीचा वेळ वाचतो आणि लोक रंगात आले तर आणखी चार फेऱ्या सहज मारता येतात. सुरुवातीचा ठेक्याबाहेरचा तुकडा मात्र दोन ओळींत उरका.

आता लय. ड्रमरचं ‘फास्ट’ आणि नाचणाऱ्याचं ‘फास्ट’ यांत फरक आहे. ‘जान पहचान हो’सारखं १९६५ चं सुसाट गाणं ऐकायला धमाल, पण त्यावर लोक अर्धा अंतरा उड्या मारतात आणि पाणी प्यायला जातात. डिस्कोची लय बहुतेक ११० ते १३० च्या मध्ये असते. बोलत-हसत, घाम न पुसता, सलग तीन गाणी नाचता येतील अशी. ‘स्टेइंग अलाइव्ह’ (१९७७) तर १०४ च्या आसपास आहे आणि त्याला संथ कुणी म्हणत नाही. या गाण्याची एक गोष्ट तुमच्या ड्रमरला जरूर सांगा. रेकॉर्डिंगच्या वेळी बी जीजचा ड्रमर घरच्या अडचणीमुळे निघून गेला होता. म्हणून त्यांनी आपल्याच ‘नाइट फीव्हर’मधले ड्रम्सचे दोन बार टेपवर कापून त्याचा लूप केला आणि तोच गाणंभर फिरवला. तबकडीवर ड्रमर म्हणून ‘बर्नार्ड लूप’ असं गमतीचं नाव टाकलं. म्हणजे सत्तरच्या दशकातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध नाचगाणं दोन बारच्या ठेक्यावर उभं आहे, आणि त्या लूपमध्ये दर चार बारला हौसेने मारलेला एकही रोल (ड्रम्सवरचा झटपट ठोक्यांचा तुकडा) नाही. रोल आला की नाचणाऱ्याच्या पावलाखालची फळी सरकते. ड्रमरला रोल मारायचाच असेल तर मुखड्यावर परतताना एक, तोही छोटा.

किक प्रत्येक ठोक्याला, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दोनवर आणि चारवर, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) मधल्या अर्ध्या ठोक्यांवर किंचित उघडा. एवढं घट्ट बसलं की ऐंशीच्या दशकातलं निम्मं काम झालं. गायिकेच्या हातात डफलीसारखी खंजिरी द्या आणि दोन-चारवर वाजवायला सांगा. ती एक खंजिरी कीबोर्डच्या लांबलचक सुरांपेक्षा जास्त जागा भरते. गिटारवाल्याने तारा अर्धवट दाबून बारीक, कोरडे स्ट्रोक मारावेत आणि कीबोर्डवाल्याने डावा हात खिशात ठेवावा. खालचा सगळा मुलूख तुमचा. तिथे दोघं घुसले की ठेका चिखलात रुततो.

ठरलेल्या प्रत्येक गाण्याची लय मोबाइलवरच्या मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणाऱ्या अ‍ॅपवर) टॅप करून मोजा आणि यादीत गाण्याच्या नावासमोर लिहा. जुनी गाणी क्लिकशिवाय, म्हणजे मेट्रोनोमचा ठोका कानात न ठेवता, रेकॉर्ड झालेली, ती सुरू होतात एका लयीत आणि संपतात जरा पुढच्या लयीत. म्हणून मोजायचा मुखडा, इंट्रो नको. स्टेजवर उत्साहात सगळ्यांचाच हात वाढतो, त्यामुळे ड्रमरने काउंट देण्याआधी मूक मेट्रोनोमच्या लुकलुकत्या दिव्याकडे एकदा बघावं. मूळ लयीपेक्षा तीन-चार ठोके वर गेलं तर बिघडत नाही. दहा वर गेलं की गायिकेचे शब्द एकमेकांवर आदळतात.

पट्टीचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण तो येणारच. किशोरकुमारांची गाणी बाईच्या आवाजात न्यायची तर साधारण चार-पाच सुरांनी सरकवावी लागतात. कीबोर्डवाला ट्रान्सपोझचं बटण दाबून मोकळा होतो. अडतो तो तुम्ही आणि गिटारवाला. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ (१९८०) ई मायनरमध्ये आहे आणि त्याचा रिफ (पुन्हापुन्हा येणारी बेसची ओळ) बेसच्या सर्वांत जाड उघड्या तारेवर येऊन टेकतो. गायिकेसाठी ते एक स्वर जरी खाली आणलं तरी चार तारांच्या बेसवर तो सूर उरतच नाही. वर न्या, किंवा ते गिटारवाल्याला गाऊ द्या. तसंही दर चार गाण्यांमागे एक त्याने गायला हवं. दीड तास एकटी गाणारी बाई दुसऱ्या भागाच्या शेवटी वरचा सूर टाळायला लागते आणि ते लोकांना कळतं. पट्टी ठरवताना तिला तालमीच्या सुरुवातीला विचारू नका, शेवटी थकलेली असताना विचारा. तेव्हा जी जमेल ती खरी पट्टी, मग मूळ काळी चार असो की पांढरी दोन.

हिंदी गाण्यांचे पीस हे वेगळंच प्रकरण आहे. मोठा इंट्रो, आणि प्रत्येक अंतऱ्याआधी वेगळा पीस. कीबोर्डवाल्याचा जीव त्यातच अडकलाय हे दिसतंय. पण सोळा बारचा पीस वाजत असताना नाचणारे ‘आता काय?’ म्हणून एकमेकांकडे बघतात. इंट्रोतला ओळखीचा भाग ठेवा, चार सेकंदांत गाणं ओळखू आलं पाहिजे. मधला पीस एकच ठेवा आणि दोन्ही अंतऱ्यांआधी तोच वाजवा. तिसरा अंतरा काढून टाका. त्या वाचलेल्या जागेत आठ बार फक्त बेस आणि ड्रम्स वाजू द्यात, लोक टाळ्यांचा ठेका आपोआप धरतात. कीबोर्डवाल्याची समजूत घालायला त्याला एक गाणं पूर्ण पीससकट द्या. एकच.

तयार ट्रॅक लावून वर वाजवावं का, असाही विचार कुणाच्या तरी डोक्यात असेल. मी नको म्हणेन. डीजेपाशी तुमच्यापेक्षा चांगला आवाज आणि सगळी मूळ गाणी असतात. तुमच्यापाशी असलेली आणि त्याच्यापाशी नसलेली गोष्ट म्हणजे समोर रंग चढला की मुखडा आणखी तीनदा घेता येतो, आणि रंग उतरला तर अंतरा गाळून पुढे पळता येतं. ट्रॅक लावलात की ही मोकळीक गेली.

विषय थोडा आवळा. ‘सत्तर-ऐंशी’ म्हणून सुरुवात होते आणि बघता बघता पन्नासच्या दशकातली गाणी घुसतात. सी. रामचंद्रांचं ‘ईना मीना डीका’ (१९५७) मलाही प्राणप्रिय आहे, पण त्याचा झोका वेगळा. रॉक अँड रोलचे आणि ट्विस्टचे ठोके लंगडत, झुलत चालतात. डिस्कोचे सरळ चालतात. दोन्ही आलटूनपालटून वाजवलं तर ड्रमरचा हात आणि लोकांची पावलं दोन्ही अडखळतात. १९७१ चा ‘कारवाँ’ हे तुमचं एक टोक आणि १९८७ चा ‘गंमत जंमत’ दुसरं, असं माना. ‘गंमत जंमत’ अर्थात ‘अश्विनी ये ना’साठी. किशोरकुमार, अनुराधा पौडवाल, संगीत अरुण पौडवालांचं. तुमचं मराठी गाणं आयतं मिळालं, आणि गिटारवाला-गायिका यांचं द्वंद्वगीतही झालं. ट्विस्टची फारच हौस असेल तर दुसऱ्या भागाच्या मध्यात दोन गाणी सलग घ्या, ‘आओ ट्विस्ट करें’ (१९६५) आणि ‘आजा आजा’ (१९६६), आणि परत सरळ ठेक्यावर या. सहा मात्रांच्या गाण्यांनाही हाच नियम. एकेकटं मध्ये टाकू नका, जोडीने घ्या, नाहीतर घेऊच नका.

समोर तरुण मंडळी असतील का याचीही चौकशी करा. ‘कांटा लगा’ १९७२ च्या ‘समाधि’तलं, पण अनेकांना ते २००२ च्या रिमिक्समुळे माहीत आहे. ही माणसं वेगळा ठेका मनात घेऊन येतात. अशा गाण्याचं एक रूप ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा. मुखडा रिमिक्सचा नि अंतरा मूळचा असं केलंत की दोन्ही गट नाराज.

आता क्रम. पाऊण तासात, बोलणं-टाळ्या धरून, दहा गाणी बसतात. म्हणजे एकूण वीस आणि खिशात तीन जादा. ६२ वरून २३ वर यायचं आहे, त्यामुळे दयामाया नको. पहिल्या गाण्याला कुणीही उठत नाही, साउंडवालाही तेव्हा आवाज जुळवत असतो, म्हणून तिथे हुकमी नाचगाणं वाया घालवू नका. तिथे गायिकेला तिचं गाणं द्या. ‘चुरा लिया है तुमने जो दिल को’ (१९७३) सुचवेन. काचेच्या पेल्यावर चमच्याचा किणकिणाट झाला की सगळ्या माना वळतात, मग गिटार, मग आवाज. बाई सुरेल आहे हे एकदा सगळ्यांच्या लक्षात आलं की पुढे तिने नुसतं ‘चला’ म्हटलं तरी लोक ऐकतात. दुसरं गाणं जरा वेग घेणारं, आणि तिसऱ्याला ‘आप जैसा कोई’. त्यानंतर तीन गाणी एका लयीच्या आसपासची, मध्ये एकही सेकंद शांतता न ठेवता. गाणं संपताना किक चालूच राहू दे, त्यावर गायिकेने दोन वाक्यं बोलावीत आणि तुम्ही पुढच्या गाण्याचा बेस सुरू करावा. नाचणारे पांगतात ते दोन गाण्यांमधल्या ‘एक मिनिट हं, ट्यूनिंग करतोय’मध्ये.

लयी मोजलेल्या असल्या की असे सांधे सापडतात. ‘बिली जीन’ (१९८२) आणि ‘आय विल सर्व्हाइव्ह’ दोन्ही ११७ च्या आसपास आहेत. ‘बिली जीन’ दोन बार नुसत्या ड्रम्सने सुरू होतं आणि मग बेस येतो, त्यामुळे आधीच्या गाण्याच्या शेपटीला ते सहज बांधता येतं. गाणं गिटारवाल्याकडे, बेस तुमच्याकडे. मात्र बारा मुखड्यांची मेडले करू नका. अर्ध्या मिनिटात गाणं बदललं तर पाय बसायच्या आत ठेका गेलेला असतो. तीन गाणी जोडा, प्रत्येकाचे दोन मुखडे आणि एक अंतरा पूर्ण होऊ द्या.

पहिला भाग ‘ओम शांती ओम’वर (‘कर्ज’, १९८०) संपवा. त्यातली सवाल-जवाबाची हाळी समोरच्यांनीच द्यायची असते, तुमचा आवाज कमी पडला तरी काम होतं. दुसऱ्या भागात संथ गाणं एकच, तेही मध्यावर, जोडप्यांसाठी आणि तुमच्या ड्रमरच्या मनगटासाठी. शेवटी ‘आय अ‍ॅम अ डिस्को डान्सर’ (१९८२). डिस्को शब्दातल्या पाच अक्षरांचा त्यातला हिशेब लोकांना पाठ असतो, माइक त्यांच्याकडे फिरवा.

सहा आठवड्यांपैकी पहिला निवडीत जाईल. पुढचे तीन नव्या गाण्यांचे. एका बैठकीत दोन-तीनच घ्या, पण सुरुवात, शेवट आणि सांधा पक्का करून. शेवटचे दोन आठवडे पूर्ण कार्यक्रम न थांबता वाजवा, चूक झाली तरी. उभ्याने वाजवा, बसून केलेल्या तालमीत लय वेगळी लागते. त्यातली एक तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी घरी स्वयंपाक करताना किंवा केर काढताना लावा. ज्या गाण्याला हात थांबला ते यादीतून कमी करून जादाच्या तिघांतलं एक वर घ्या.

गायिकेशी बोलायचं कसं, हा प्रश्न उरतोच. ‘तुझी गाणी चालत नाहीत’ असं म्हणू नका, आणि सगळ्यांसमोर तर मुळीच नको. सलामीचं गाणं आणि मधलं संथ गाणं तिने निवडायचं, पट्टीचा शेवटचा शब्द तिचा, आणि उरलेल्या अठरांचा ठेका तुमचा आणि ड्रमरचा, अशी वाटणी तिच्यापुढे ठेवा. ड्रमरला घेऊनच जा. तो मध्येच ‘पण फास्ट हवीत’ म्हणाला, तर त्याला बर्नार्ड लूपची गोष्ट तिथेच सांगा.